दोन्ही खाचांतून कीस

४ जानेवारी

मुलाला त्याच्या ऑफिसात ही डायरी मिळाली. त्याला नको होती, म्हणून माझ्याकडे आली. या घरात ज्या वस्तू कुणालाच नको असतात त्या फिरून फिरून माझ्याच खोलीत येतात. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पुढे जे शिकलो ते हाताने. तेव्हा इथे कुणी शुद्ध-अशुद्ध बघू नये. मी हौसेने लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहितो. उद्या कुणी म्हणालं की म्हाताऱ्याचा हात गेला, तर पान उघडून दाखवता येईल.

आज खिडक्यावाला आला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं लोखंडी खिडक्या, जाळ्या, कठडे करायचं दुकान आहे. बारा वर्षं त्याच्या ड्रिलच्या बोथट बिटांना मीच धार लावून देतो. पिशवीतून तीन बिटं काढून त्याने टेबलावर ठेवली.

"काका, रागावू नका. भोकं मोठी पडताहेत. आठाच्या बिटाने भोक पाडलं, आठाचा बोल्ट घातला, तर बोल्ट आत नाचतोय."

मी म्हटलं, "तुझ्या मशीनची पकड सैल झाली असेल. नाचता येईना अंगण वाकडं."

"मशीन नवीन आहे, काका."

"मग नवीनच वाईट निघालं."

तो हसला आणि गेला. बिटं मात्र ठेवून गेला.

ज्याला हे काम माहीत नाही त्याच्यासाठी लिहून ठेवतो. बिटाच्या टोकाला दोन धारा असतात, दोन अंगांना. त्या दोन्ही सारख्या लांबीच्या आणि सारख्या उताराच्या पाहिजेत. तशा असल्या की बिट लोखंडात सरळ उतरतं आणि त्याच्या दोन्ही खाचांतून लोखंडाचा कीस कुरळा होऊन सारखा वर येतो. एक धार केसभर मोठी राहिली की टोक मधून सरकतं. मग कीस एकाच खाचेतून येतो आणि भोक मापाबाहेर जातं. चौतीस वर्षं कारखान्यात मी हेच केलं. तिथे मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नसे, 'केसभर' म्हणत. पुढे धारेचं मशीन आलं तेव्हा साहेबाने मशीनचं बिट आणि माझं बिट शेजारी ठेवून सगळ्यांना ओळखायला लावलं. एकालाही ओळखता आलं नाही.

हा पुरावा क्रमांक एक.

५ जानेवारी

बल्ब बदलला. हल्लीच्या बल्बांत दम नाही. दुकानदार म्हणाला, हा पहिल्यापेक्षा दुप्पट उजेडाचा आहे. मला तर तसाच वाटतो. फसवलं असणार. येताना दाराची पायरी चुकली, गुडघा आपटला. पायरी कुणीतरी पुन्हा नीट बसवायला हवी, एका बाजूला खचली आहे. मुलाला सांगितलं तर तो पायरीवर उभा राहून म्हणतो, "सरळ तर आहे, बाबा."

८ जानेवारी

आज भांडण झालं. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, जमेल असं वाटत नाही.

खिडक्यावाल्याने आणखी दोन बिटं परत पाठवली आणि ती नेमकी मुलाच्या हातात पडली. मुलगा माझ्या खोलीत आला. खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची जुनी मोरी. तिथे जुन्या दरवाजाचं टेबल करून मी त्यावर ग्राइंडर बसवला आहे. एक खिडकी, लोखंड आवळून धरायचा एक शेगडा, खिळ्यांना टांगलेली मापं. एवढीच माझी इस्टेट.

"बाबा, आता बास," मुलगा म्हणाला. "ऑक्टोबरात अंगठ्याला तीन टाके पडले. आता कामही परत येतंय. हे मशीन भंगारात देऊन टाकू आणि इथे आईसाठी नीट कपाटं करू."

"आईने मागितलीत कपाटं?"

"तिने आजवर काय मागितलंय?"

ही दारात उभी होती. मला वाटलं निदान एवढं म्हणेल की, राहू दे रे. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ऐक. फेब्रुवारी संपेपर्यंत मी लावलेल्या धारेचं एक, एक जरी बिट परत आलं, तर मी स्वतःच्या हाताने हा ग्राइंडर उचलून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवीन. आणि नाही आलं तर पुन्हा या खोलीत पाय ठेवायचा नाही."

"ठरलं," मुलगा म्हणाला.

"ठरलं," मी म्हटलं.

ही म्हणाली, "वरण उतू जाईल," आणि आत गेली.

९ जानेवारी

रात्रभर आकडे लावत पडलो. पंधरा म्हटलं असतं तर? पाच तरी म्हणायला हवं होतं. एक म्हणजे फारच कमी झालं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि दगडावर घासलेलं लोखंड, दोन्ही परत येत नाही.

११ जानेवारी

चौदा बिटं केली. डब्यात मापाप्रमाणे लावली, सहाची, आठाची, दहाची. घाई केली नाही. बिट दोन्ही हातांत, मागचा हात खाली, धार चाकाला लावायची आणि मनगट हलकेच खाली सोडायचं. ठिणग्या काठाशी पोचल्या की थांबायचं. पाण्याच्या डब्यात बुडवायचं, नाहीतर निळं पडतं आणि पोलाद मरतं. मग बिट फिरवून दुसरी बाजू. मग मापात धरून बघायचं. माप म्हणजे दोन षटकोनी नट एकमेकांना चिकटवलेले. त्यांच्यामधल्या खाचेत टोक बरोबर बसलं पाहिजे. हे माप मी स्वतः केलं आहे, एकोणीस वर्षं झाली.

ही चहा घेऊन आली. कप मी धरायला गेलो तर तिने आधीच सोडला होता, सगळा चहा टेबलावर. मी म्हटलं, नीट देत जा. ती पुसत पुसत माझ्याकडे बघत होती.

मग म्हणाली, "अहो, पहिली बाजू करताना तुम्ही सरळ बघता. दुसरी करताना मान वळवता. का?"

"कोण वळवतो?"

"तुम्ही. उजवीकडे."

म्हटलं, "चाळीस वर्षं या दारात बसून भाजी निवडलीस म्हणून तुला धार कळायला लागली?"

"तसं नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा..."

"मला काही झालेलं नाही. डॉक्टरकडे गेलं की होतं."

ती दहाचं एक बिट हातात घेऊन खिडकीशी गेली, उजेडात फिरवून बघितलं आणि जागेवर ठेवलं. कपबशी घेऊन गेली. बायकांना प्रत्येक गोष्टीत हात घालायची सवय असते.

१३ जानेवारी

बिटं द्यायला मीच निघालो होतो. ही म्हणाली, राहू द्या, उद्या भाजीला जाताना मी देईन, तुम्ही सकाळी फिरून या. डॉक्टरने फिरायला सांगितलं त्याला तीन वर्षं झाली, एवढ्या काळात हिने कधी आग्रह केला नाही. आता म्हणते, कोपऱ्यापर्यंत नाही, पुलापर्यंत जाऊन यायचं. पूल म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास.

माझ्या तब्येतीची काळजी वाटते हे बरंच आहे. पण एकदम पुलापर्यंत?

१८ जानेवारी

एकही परत नाही. रोज खिडक्यावाल्याच्या दुकानावरून मान ताठ करून जातो. तो हात हलवतो. मी हलवत नाही. आधी माफी मागू दे.

२२ जानेवारी

पुन्हा बारा आली, बारा केली, बारा गेली. परत शून्य. पुरावा वाढतो आहे.

घरात मात्र एक नवीन कटकट. हिच्या तपकिरी स्वेटरला कसर लागली. डाव्या बाहीवर बारीक बारीक भोकं, सुईच्या टोकाएवढी, आठ-दहा. मी दाखवल्यावर बाही लपवायला लागली. म्हटलं, यात लाजायचं काय, कसर कुणाच्याही घरात लागते. बाजारातून डांबरगोळ्या आणल्या आणि सगळ्या कपाटांत टाकल्या. मुलगा जेवताना म्हणतो, भाताला वास येतोय. येऊ दे. आज भाताला वास येतोय, उद्या अंगावर कपडे उरणार नाहीत.

२८ जानेवारी

कुणीतरी माझ्या खोलीत येतं.

पाण्याचा डबा मी नेहमी ग्राइंडरच्या उजवीकडे ठेवतो. आज फिरून आलो तर डावीकडे. नटांचं माप उजवीकडच्या खिळ्याला असतं, ते डावीकडच्या खिळ्याला. हिला विचारलं. म्हणाली, "झाडताना सरकलं असेल." माप खिळ्यावरून खिळ्यावर झाडूने कसं सरकेल? मला मुलाचा संशय आहे. पैज हरतोय म्हणून काहीतरी खोड काढायला बघत असणार. चाक सैल करून ठेवलं तर? आता रोज सकाळी चाकाचा नट पान्याने तपासतो. अजून घट्टच आहे. म्हणजे तो संधीची वाट बघतोय.

३० जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी जिन्यात गाठलं. "सकाळी साडेसहाला तुमचं ते मशीन. आमच्या घरात लोक झोपलेले असतात हो."

मी म्हटलं, "मास्तर, साडेसहाला मी पुलावर असतो."

"मग मशीन काय आपोआप चालतं?"

"तुमचे कान आपोआप चालत असतील."

ते रागाने वर गेले. नाहीतर काय. माणसाने खोटं बोलावं, पण निदान समोरचा त्या वेळी घरात आहे की नाही याची चौकशी करून बोलावं. खरं तर हे आळ घेणं मुलानेच शिकवलेलं असेल. सगळे एकीकडे आणि मी एकीकडे. असू दे. मी कारखान्यात संपाच्या वेळीसुद्धा एकटाच होतो.

४ फेब्रुवारी

आज लिहायला हात शिवशिवतो आहे.

खिडक्यावाला स्वतः घरी आला. म्हणाला, "काका, कमाल आहे. भोक असं पडतंय की बोल्टची हातोडीने समजूत घालावी लागते. जुना हात परत आला."

मी विचारलं, "परत यायला तो गेला कुठे होता?"

"कुठे नाही, कुठे नाही," असं म्हणून तो हिच्याकडे बघून हसला. ही भांडी लावत होती. तिचं लक्षही नव्हतं.

जेवताना मुलाला सगळं ऐकवलं, शब्दन् शब्द. त्याने आईकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं, आणि म्हणाला, "छान आहे, बाबा." आवाजात हरल्याचं दुःख मला स्पष्ट ऐकू आलं.

या डायरीच्या ओळी खाली खाली उतरत जातात असं आज ध्यानात आलं. कागद हलका वापरला आहे.

१० फेब्रुवारी

हिच्या बहिणीचे गुडघे दुखतात म्हणून ही आज आठ-दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेली. निघताना दोनदा विचारलं, "राहाल ना नीट?" मी म्हटलं, सैन्यात निघाल्यासारखं काय करतेस. तिने स्वेटर खुंटीलाच ठेवला. म्हटलं, थंडी आहे, घेऊन जा. म्हणाली, तिकडे लागणार नाही.

दुपारी खिडक्यावाला अकरा बिटं देऊन गेला. शाळेच्या जिन्याचा कठडा करायचं मोठं काम मिळालं आहे. "काका, ही जरा जपून. त्या कठड्यावर रोज चारशे पोरं लोंबकळणार आहेत." मग म्हणाला, "काकू दिसत नाहीत?"

"बहिणीकडे गेली."

"अच्छा." जरा घुटमळला. "मग घाई नाही. त्या आल्यावर दिली तरी चालतील."

मला हसू आलं. त्यांचा काय संबंध? उद्याच करतो म्हटलं.

१२ फेब्रुवारी

अकराच्या अकरा केली आणि स्वतः नेऊन दिली. इतकं सुंदर काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मध्ये एकदाही थांबलो नाही. फिरायलाही गेलो नाही. माझं मशीन मी वाटेल तेव्हा चालवीन, म्हणून मास्तरांसाठी मुद्दाम साडेसहालाच चालू केलं.

१४ फेब्रुवारी

सात परत आली.

मुलगा ऑफिसात होता. खिडक्यावाला मागच्या दाराने आला, पिशवी टेबलाखाली ठेवली आणि हळू म्हणाला, "मी कुणाला बोललो नाही, काका."

मी नेहमीचं सगळं बोललो. पकड, मशीन, पोलाद. तो मान हलवत राहिला.

"कठड्याचा प्रश्न आहे, नाहीतर मी आणलीच नसती," म्हणाला. दारातून वळून विचारलं, "काकू कधी येणार?"

"तुला काय करायचंय?"

"सहज."

पिशवी जुन्या पोत्याखाली लपवली. म्हणजे पैज हरलेली नाही, कारण मुलाला माहीत नाही. म्हणजे हरलेली आहे, कारण मला माहीत आहे. हे पान फाडावं असं मनात आलं. पण पुरावा आपल्या सोयीचा तेवढाच ठेवायचा असं करणारे साहेब लोक मी फार बघितले. पान राहू दे.

१५ फेब्रुवारी

शेगड्यात लोखंडाची जाड पट्टी आवळली आणि सातही बिटं स्वतः चालवून बघितली. कीस एकाच खाचेतून. पहिल्याचा एकाच, दुसऱ्याचा एकाच, सातव्याचाही एकाच. दुसरी खाच नुसती गरगर फिरते, निकामी. सात वेळा तेच.

डब्याच्या तळाशी जानेवारीतलं एक दहाचं बिट राहिलं होतं, चुकून न गेलेलं. तेही लावलं. दोन्ही खाचांतून दोन कुरळे, जुळे, बोटभर लांब. थांबून ते हातात घेतले तर अजून गरम होते.

जानेवारीत माझा हात एवढा चांगला होता आणि आता महिन्यात असा? मग ते दहाचं बिट डोळ्याजवळ नेलं, भिंग लावलं. चाकावर घासल्याच्या बारीक रेघा असतात, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, अक्षरासारख्या. माझ्या रेघा उजवीकडे झुकतात. या डावीकडे झुकलेल्या होत्या.

हे बिट मी केलेलं नाही. हे डावखुऱ्या माणसाने केलेलं आहे.

या घरात एकच माणूस डावखुरं आहे. तिने चमचा उजव्या हातात धरावा म्हणून माझ्या आईने सहा वर्षं तिच्यामागे लकडा लावला होता. चमचा उजवीकडे गेला. विळी, सुई, कात्री डावीकडेच राहिली.

खुंटीवरचा स्वेटर काढून बाही नाकाला लावली. डांबरगोळीच्या खाली जळक्या लोकरीचा वास होता.

१६ फेब्रुवारी

फार राग आला आहे. माझं काम माझ्याच घरात चोरलं. मला रोज पुलावर पाठवलं, लहान पोराला खाऊ देऊन बाहेर काढावं तसं. खिडक्यावाल्याला माहीत. मुलालाही माहीत असेल. मास्तरांनासुद्धा माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि मी महिनाभर छाती पुढे काढून त्याच गल्लीतून फिरलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. जेवलात का, गोळी घेतली का, सगळं झालं. मग थांबून म्हणाली, "परत आली का?"

"काय?"

"बिटं."

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाली. एवढंच.

मग मेव्हणीने फोन घेतला. मी विचारलं, गुडघे कसे आहेत. म्हणाली, "माझे? मला काय धाड भरलीय. ताई आलीय ना, रोज टेकडी चढतोय दोघी. पण तिला एकदम कशी पाठवलीत हो?" हिचं हे असंच. काल गुडघे दुखत होते ते आज आठवत नाही. वय झालं.

१७ फेब्रुवारी

आज खोलीत बसून उजवा डोळा झाकला. खिडकी दिसली, गज दिसले, समोरच्या भिंतीवरची तार दिसली.

मग डावा झाकला.

खिडकी होती, पण दुधात बुडवल्यासारखी. गज मोजता आले नाहीत.

पहिली बाजू सवयीने होते. ती मी झोपेतही करीन. दुसरी पहिलीशी जुळवायची तर बघावं लागतं. बघायला मान वळते, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर मनगट. तिथे केसभर जातं. तिने हे अकरा जानेवारीला सांगितलं होतं. याच डायरीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. पायरी, चहा, बल्ब, सगळंच लिहिलेलं आहे. दुसऱ्यांविरुद्ध जमवलेला पुरावा होता.

१९ फेब्रुवारी

आज ती आली. सकाळपासून काय बोलायचं ते जुळवत होतो. रागाचं एक भाषण तयार होतं, त्यात चोरी हा शब्द तीनदा होता.

ती आली तेव्हा पोत्याखालची पिशवी मी काढून टेबलावर ठेवलेली होती. पाण्याचा डबा ग्राइंडरच्या डावीकडे. माप डावीकडच्या खिळ्याला. ती दारात उभी राहून हे सगळं बघत राहिली. मी स्वेटर पुढे केला.

"सात आहेत," मी म्हटलं. "शाळेचा कठडा अडलाय."

तिने स्वेटर घातला. "चहा?" तिने विचारलं.

"मी करतो."

भाषण राहूनच गेलं. चहा करताना आतून आवाज ऐकत होतो. पहिल्या बाजूचा आवाज आणि दुसऱ्या बाजूचा, दोन्ही एकसारखे. मी कधीच आवाज ऐकून काम केलं नव्हतं, बघूनच केलं. तिसऱ्या बिटाला आवाज जरा जाड झाला. मी तिथूनच ओरडलो, "दाबू नको. चाकाला खाऊ दे, तू भरवू नको."

"तुम्ही बोलू नका. हात हलतो."

"निळं पडेल."

"पडलं तर दाखवीन."

पण पुढच्या बिटाला तिने दाबलं नाही, हे मी ऐकलं.

नंतर विचारलं, "शिकलीस कधी?"

"तुम्ही चाळीस वर्षं लोकांना ओरडून ओरडून शिकवत होतात. मी काय बहिरी होते?"

२१ फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणाला तिघं बसलो असताना मुलाला म्हटलं, "पैज मी हरलो. सात परत आली."

त्याने हातातला घास खाली ठेवला. "राहू द्या ना, बाबा. ते आपण तेव्हा रागात..."

"राहू द्या नाही. माझा शब्द आहे. मशीन माझं असतं तर उद्या सकाळी गाडीवर गेलं असतं."

"असतं म्हणजे?"

"त्यावर जो धार लावतो त्याचं मशीन. मी पैज लागल्यापासून एकही धड बिट केलेलं नाही. सगळी तुझ्या आईने केली. मशीन तिचं आहे. तिने कुणाशी पैज लावलेली नाही. भंगारात द्यायचं असेल तर तिला सांग."

मुलगा आईकडे वळला. "आई, कपाटं..."

"कपाटं तुझ्या खोलीत कर," ती म्हणाली. "आणि पैजेत ठरलं होतं ते लक्षात आहे ना? माझं एकही परत आलेलं नाही. तेव्हा मोरीत पाय ठेवायचा नाही. जेवून झालं असेल तर ताट उचल."

त्याने ताट उचललं. पाठ आमच्याकडे होती, पण खांदे हलत होते. हसत असणार. हसू दे.

मी तिला म्हटलं, "मला तरी येऊ देणार का?"

"दारात बसा. भाजी निवडा."

२४ फेब्रुवारी

मास्तरांकडे वर जाऊन आलो. म्हटलं, "तुमचं खरं होतं. साडेसहाला मशीन चालत होतं. आता साडेआठला चालेल. पण चालेल."

ते म्हणाले, "चालवतं कोण?"

"आमची ही."

मास्तर आपल्या घरातल्या सुऱ्या आणून देऊ का म्हणाले. म्हटलं, तिला विचारून सांगतो.

डोळ्यांच्या डॉक्टरचा दिवस मंगळवारचा ठरला आहे. मी जाणार आहे. घाबरून नाही. तो भिंतीवरची अक्षरं वाचायला लावील, तेव्हा खिशातून दोन बिटं काढून त्याच्यापुढे ठेवणार आणि विचारणार, यातलं सरळ कोणतं ते तुला दिसतं का. त्याला दिसलं तरच डोळा त्याच्या हातात देणार.

२७ फेब्रुवारी

कठडा परवा बसला असं खिडक्यावाला सांगत होता. सकाळी पुलाकडे निघालो आणि पाय शाळेकडे वळले. दार उघडं होतं, आवारात कुणी नव्हतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिलो, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि होती नव्हती ती ताकद लावून हलवला. मग वर गेलो, मध्यावर हलवला. सगळ्यात वरच्या वळणावर तर अंग टाकून लोंबकळलो, चारशे पोरांच्या वतीने. बोल्ट कुरकुरलासुद्धा नाही. खाली येताना बोल्टांची डोकी बोटाने चाचपत आलो. एकही हलत नव्हता.

घरी आलो तर ती दारातच होती.

"कुठवर गेला होतात?"

"कुठवर म्हणजे? रोजच्यासारखं पुलापर्यंत."

"बरं," ती म्हणाली. "दाराला हात लावू नका. तिथेच थांबा, घासलेट आणि फडकं आणते."

"कशाला?"

तिने माझे दोन्ही हात धरून उताणे केले आणि खिडकीच्या उजेडात नेले. मी मान वळवून बघितलं. दोन्ही तळव्यांवर, कोपरापर्यंत, ओला हिरवा रंग होता.